तान्हाबाईचा नऊ हातांचा दोर

शांतवनबुवांचे पाय ज्या वस्तीला लागले, त्या वस्तीने पुढे तीन-तीन पिढ्या त्याचा अभिमान मिरवला. सावरखेड्याची ख्रिस्ती वस्ती तर तो जरा जास्तच मिरवते, आणि तिने का मिरवू नये? बुवांच्या चरित्रातला दोराचा प्रसंग तिथेच घडला. भाविकहो, तोच आज मनाचे कान करून ऐका.

बुवा दरसाल फाल्गुन सरता सरता सावरखेड्याला उतरत. अंगात जाडाभरडा सदरा, खांद्यावर वीणा, मुखी प्रभू येशूचे नाम. मुक्काम ठरलेला, प्रार्थनामंदिराच्या ओसरीत. कुणी घोंगडी दिली तर घोंगडीवर निजत, न दिली तर फरशीवर. कीर्तनाला उभे राहिले की आजूबाजूच्या पाच गावची माणसे भाकरी बांधून येत.

वस्ती दोर वळणाऱ्यांची. बांधाबांधावर घायपात, दारादारात त्यातून काढलेला वाख वाळत घातलेला, आणि सकाळपासून पीळ भरण्याचा घरघराट. यांच्या दोराने साऱ्या मुलखातल्या मोटा पाणी ओढत, पण वस्तीला मात्र गावच्या आडाला हात लावायची सोय नव्हती. बायका आडापासून दहा पावलांवर घागरी ठेवून बसत. आडावरच्या कुणाला दया आली तर पाणी मिळे, नाहीतर ऊन डोक्यावर घेऊन परत.

ही बसकण मोडली शलमोन पाटोळे मास्तरांनी. मास्तर वस्तीतलेच, दोर वळणाऱ्याचे पोर. मिशनच्या शाळेत पहिल्या नंबराने पास झाले आणि उपदेशक होऊन आपल्याच गावी आले. सकाळी शाळा, संध्याकाळी प्रार्थना, आणि मधल्या वेळात हातात कुदळ. स्वतःच्या वाट्याची जागा त्यांनी विहिरीला दिली. दोन वर्षे साऱ्या वस्तीला हाताशी धरून मुरूम उपसला, कातळाला सुरुंग लावले. बत्तीस हातांवर झरा लागला तेव्हा म्हाताऱ्या बायका विहिरीच्या काठावर बसून रडल्या. हे खायचे काम नव्हते. मास्तरांचे नाव सावरखेडे आजही मानाने घेते, आणि पुढे जे सांगायचे आहे त्याने त्या मानाला बोटभरही धक्का लागत नाही.

पण मास्तरांना त्या विहिरीचे सुख नव्हते. शेजारच्या वडजळी गावच्या उपदेशकांनी शाळेवर कौले चढवली असे कळले की मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नसे. कुठे कुणाकडे तीस बाप्तिस्मे झाले की आपल्याकडे अठराच का, हा भुंगा डोक्यात शिरे. कुणी त्यांची स्तुती केली तर ती संध्याकाळपर्यंत पुरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा भूक. बायकोने एकदा म्हटले, "आवो, जरा टेका की." ते म्हणाले, "टेकलो तर मागे पडेन." आपण कुणाच्या पुढे धावतो आहोत, हे मात्र त्यांना सांगता आले नसते.

त्या वर्षी विहिरीचे समर्पण ठरले होते. मोठे पाद्रीसाहेब येणार होते, वडजळीचे उपदेशक येणार होते, आणि पहिली घागर शांतवनबुवांच्या हातून निघणार होती. आदल्या दिवशी सकाळी वस्तीच्या रीतीप्रमाणे हकीकतीची बैठक बसली. ही रीत मास्तरांनीच घातलेली. बुवा आले की प्रत्येकाने उभे राहायचे आणि वर्षभरात प्रभूची काय सेवा केली ते चारचौघांत सांगायचे. सर्वांत शेवटी मास्तर सांगत, म्हणजे बाकीच्यांचे आधी होऊन जाई आणि मास्तरांचे लोकांच्या लक्षात राही.

एकेक जण उठला. कुणी मंदिर सारवले होते, कुणी आजाऱ्याला बैलगाडीतून तालुक्याला नेले होते. बुवा डोळे मिटून ऐकत आणि प्रत्येकाला एकच म्हणत, "बरं झालं, लेकरा. प्रभूला आवडलं."

मग तान्हाबाई उठली. पन्नाशी उलटलेली विधवा, बोटे संधिवाताने वाकडी झालेली. अक्षरओळख नाही, चार माणसांत बोलायची सवय नाही. तिने पदराआडून एक दोर काढला. विहिरीसाठी मास्तरांनी घराघरातून एकेक दोर मागवला होता. ते सगळे एकत्र पिळून जाड दोरखंड करायचा होता, आणि त्यासाठी प्रत्येक दोर निदान पस्तीस हात हवा होता.

"म्या ह्यो वळला," तान्हाबाई म्हणाली. "महिना लागला. बोटं चालत न्हाईत."

मास्तरांनी दोर हातात घेऊन तिथल्या तिथे मापला. नऊ हात भरला.

"तान्हाबाई, विहीर बत्तीस हातांची आहे," मास्तर म्हणाले. "हा दोर घेऊन पाणी काढायचं तर विहिरीलाच वर यावं लागेल. शेरडाला बांधा हे चऱ्हाट."

बैठक हसली. तान्हाबाईही थोडी हसली, कारण सगळे हसत असताना काय करावे ते तिला सुचले नाही. बुवांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बरं झालं, लेकरा. प्रभूला आवडलं."

शेवटी मास्तर उभे राहिले. किती गावे फिरलो, किती प्रवचने केली, किती सुरुंग लावले, सगळे त्यांना तोंडपाठ होते. आवाज चढत गेला. या वर्षी तरी बुवा काही वेगळे बोलतील, उद्या पाहुण्यांसमोर पुन्हा सांगता येईल असे काही बोलतील, म्हणून त्यांचा जीव कानांत गोळा झाला होता.

बुवा म्हणाले, "बरं झालं, लेकरा. प्रभूला आवडलं."

तेच शब्द, तितकेच. मास्तरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. बैठक उठल्यावर त्यांनी बुवांना ओसरीत गाठले.

"बुवा, रागावू नका, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. दोन वर्षं कातळ फोडला आणि नऊ हात चऱ्हाट वळलं, दोन्हींना एकच माप?"

"मी माप कुठं लावलं?" बुवा म्हणाले. "मास्तर, तुमची आई चुलीपाशी बसून भाकरी वाढायची, तेव्हा कोणत्या पोरानं किती लाकडं आणली ते बघून वाढायची का?"

"आईची गोष्ट वेगळी."

"तेवढीच गोष्ट मला येते," बुवा म्हणाले आणि वीणेची तार लावू लागले. मास्तर तणतणत विहिरीकडे गेले.

इकडे तान्हाबाई दोर घेऊन ओसरीच्या पायरीशी उभी होती. "बुवा, आता ह्याचं काय करू?"

"कुणासाठी वळलास, बाई?"

"प्रभूसाठी."

"मग त्यालाच दे. घेतलेलं तो परत करत नाही."

तान्हाबाईने तो दोर नीट गुंडाळला आणि मंदिरात क्रुसाखालच्या खुंटीला अडकवला. दोर अंगभर मऊ आणि घट्ट होता. तिने तो दोनदा भिजवून, दोनदा उन्हात ताणून वाळवला होता. नव्या घायपाती दोराला असे केल्याशिवाय त्याचा पीळ बसत नाही, आणि पीळ न बसलेला दोर वजन आले की उलटा फिरतो, उकलतो आणि तुटतो. हे त्या वस्तीत रांगत्या पोरालाही ठाऊक असते.

मास्तरांनाही ठाऊक होते. त्यांच्या वडिलांनी हेच करत आयुष्य काढले होते. पण वस्तीने दिलेले दोर एकत्र पिळून दोरखंड तयार झाला तो त्याच दिवशी दुपारी. भिजवायचे आणि वाळवायचे म्हटले तर दोन दिवस हवेत, आणि पाहुणे तर उद्या सकाळी. मास्तरांनी दोरखंड तसाच रहाटावर चढवला. चढवून खाली डोकावले तर झऱ्याच्या तोंडाशी मुरुमाचा ढीग पडलेला. अशी घागर काढली तर पहिलेच पाणी गढूळ निघणार, तेही वडजळीकरांच्या डोळ्यांदेखत. मास्तरांनी धोतराचा काचा मारला.

"मी उतरतो आणि ढीग मोकळा करतो. फळी बांधा."

तान्हाबाई घागर घेऊन चालली होती, ती थांबली. "मास्तर, ह्यो दोर भिजला न्हाई."

"तुम्ही तुमचं चऱ्हाट सांभाळा," मास्तर म्हणाले आणि फळीवर बसले.

दोन-तीन जाणत्यांनी एकमेकांकडे पाहिले. पण मास्तरांना कोण सांगणार? वरच्या माणसांनी रहाट सोडायला सुरुवात केली. वीस हातांपर्यंत सगळे ठीक चालले. मग फळी गरगर फिरू लागली. पीळ उकलतो आहे हे वरच्या प्रत्येकाला समजले, ओढा ओढा म्हणून ओरडही झाली, पण तोवर रहाटाजवळच दोरखंड तुटला. मास्तर, फळी आणि तुटलेला दोर खाली गेला.

छातीइतक्या पाण्याने जीव वाचला, पण उजवा पाय कातळावर आपटून मोडला. त्यात दोरखंडाच्या हिसक्याने रहाटाचा खांब हलला आणि त्याच्याबरोबर विहिरीची वरची बाजू. ती अजून बांधून काढलेली नव्हती. मुरुमाचे ढेकूळ सुटून खाली पडू लागले, आणि त्या मुरुमात रुतलेला हंड्याएवढा धोंडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर इंच इंच पुढे सरकू लागला. मास्तर त्याच्या बरोबर खाली होते, आणि पाय मोडल्यामुळे त्यांना जागचे हलता येत नव्हते.

पुरुषांनी पागोटी आणि धोतरे सोडून एकाला एक बांधली. काठावर ताण देऊन पाहताच ती फाटली. वस्तीतला एकूण एक लांब दोर त्या दोरखंडात गेला होता आणि तो दोरखंड तुटून विहिरीच्या तळाशी होता; रहाटावर उरला तो आखूड तुकडाही पीळ उकलून निकामी झालेला. एक जण गावातून दोर मागायला धावत सुटला. पण गाव पाऊण कोस लांब. दोर वळणाऱ्यांच्या वस्तीत माणूस वाचवायला दोर नाही, या विचाराने बायाबापड्यांना रडू फुटले.

गलका ऐकून शांतवनबुवा आले. त्यांनी खाली पाहिले, धोंड्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "तान्हाबाई, मंदिरातला दोर आण."

"बुवा, त्यो नऊच हात हाय."

"मला ठाऊक आहे. आण."

तिने आणला. बुवांनी एका टोकाला काखेत बसेल असा फास मारला आणि तो तिच्याच हाती दिला. पुरुष रहाटाचा हललेला खांब सावरून उभे होते, म्हणून दुसरे टोक आठ बायकांनी मिळून धरले. बुवा काठावर गुडघे टेकून बसले, दोन्ही हात पसरले आणि एवढेच म्हणाले, "बापा, हिने तुला दिलेलं आता तू वापर."

तान्हाबाई दोर सोडू लागली. एक हात, दोन हात, पाच हात. सात झाले, नऊ झाले, आणि तिच्या हातातून दोर जातच राहिला. मागच्या बायकांच्या मुठी जागच्या हलल्या नाहीत, टोक त्यांच्या हातात होते तसेच होते, आणि तान्हाबाईच्या गुडघ्याशी पडलेले वेटोळे कमी होईना. पंधरा हात, वीस हात. तिच्या तळहातांची सालपटे निघाली, दोराला रक्त लागले. ती रडत होती आणि दोर सोडत होती. बत्तीस हातांच्या विहिरीत नऊ हातांचा दोर उतरला आणि मास्तरांच्या खांद्याला जाऊन टेकला. हे पाहणारी चाळीस माणसे होती, आणि ती आपल्या नातवंडांना हे सांगता सांगता म्हातारी झाली.

मास्तरांनी वर पाहिले. दोर ओळखायला त्यांना वेळ लागला नाही, पिढीजात कला होती. पण तो ओळखूनही त्यांच्या हातांनी जन्मभर केले तेच केले. त्यांनी फास सोडून वरचा दोर धरला आणि हातांच्या जोरावर चढू लागले. दोन हात चढले, तोच दोर झोके खाऊन भिंतीला आपटला. मुरुमाचा लोट खाली आला आणि धोंडा वीतभर पुढे सरकला. मास्तर घसरून पाण्यात पडले. पुन्हा उठले, पुन्हा चढले, पुन्हा पडले.

"मास्तर, चढू नका," वरून बुवांचा आवाज आला.

"वर नुसत्या बायका आहेत, बुवा! त्यांना माझा भार पेलायचा नाही. मी जितका चढेन तितकं त्यांचं ओझं कमी."

"तुम्ही चढता म्हणूनच भिंत पडते आहे. फास काखेत घ्या आणि हात सोडा."

"हात सोडू?"

"सोडा. तुम्हाला काढायला आम्ही आहोत."

मास्तरांना ते जमेना. मरणाची भीती होतीच, पण त्याहून मोठी होती ती लाज. पहिला नंबर, प्रवचने, कातळ, सुरुंग, सगळे काही स्वतःच्या हातांनी केले होते. आपण उपयोगाचे नाही असे कुणी कधी म्हणू नये म्हणून केले होते. आता एक पाय मोडलेले, कुणालाही कसलाच उपयोग नसलेले ते चिखलात उभे होते आणि तरीही त्यांच्यासाठी दोर आला होता. ज्याला ते सकाळी हसले होते तोच दोर. प्रभूपुढे ठेवायला त्यांच्याजवळ काहीही उरले नव्हते, आणि प्रभूने काही मागितलेही नव्हते. हे कळले तेव्हा मास्तर विहिरीच्या तळाशी हुंदके देऊन रडले.

त्यांनी फास काखेत घेतला आणि हात सोडले.

दोर सरळ झाला. बायकांनी ओढायला सुरुवात केली, आणि त्या नंतर शपथेवर सांगत की भरल्या घागरीहून जास्त वजन त्यांना लागले नाही. मास्तर हातपाय ढिले सोडून वर येत राहिले, भिंतीला एकदाही लागले नाहीत. त्यांना काठावर आडवे केले, आणि लगेच धोंडा सुटून खाली गेला. पाण्याचा आवाज वरपर्यंत आला.

मग एकाच्या मनात आले आणि त्याने तो दोर जमिनीवर ताणून हाताने मापला. नऊ हात भरला. त्याने पुन्हा मापला. नऊच. त्याने दोर हलकेच खाली ठेवला आणि तो बाजूला झाला.

हाडवैद्याने पाय बसवून बांबूच्या कामट्या बांधल्या. मास्तरांना मंदिराच्या ओसरीत खाटेवर निजवले. बुवा उशाशी बसले होते.

"बुवा," मास्तर म्हणाले, "उद्या पाहुणे येतील. त्यांना मी काय दाखवू? एक बाजू ढासळली, रहाट मोडला."

"पाणी आहे ना?"

"पाणी आहे."

"मग पाणी दाखवा. तहानलेला माणूस रहाटाकडे बघत नाही."

मग जे विचारायला आयुष्यभर घाबरले होते ते मास्तरांनी विचारले. "मी इतकी वर्षं केलं ते सगळं फुकट गेलं का, बुवा?"

बुवांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "वेड्या, फुकट कसं जाईल? या वस्तीच्या लेकी आता कुणाच्या दारात घागर घेऊन बसणार नाहीत, ते तू केलंस. मला तुझा अभिमान वाटतो. पण तू पहिली कुदळ मारलीस त्याच्या आधीही तो तुझा बाप होता, आणि एकही मारली नसतीस तरी असता. त्याचं प्रेम मिळावं म्हणून खणत होतास, म्हणून दमलास. ते मिळालेलं आहे. आता खण, म्हणजे हात दुखतील, पण जीव दुखणार नाही."

मास्तरांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

तेवढ्यात तान्हाबाई पेजेचे भांडे घेऊन आली. दोन्ही तळहातांना तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या आणि त्यांतून हळद दिसत होती. तिने भांडे खाली ठेवले. "मास्तर, गरम हाय तवर घ्या."

मास्तर कोपरावर उठले. ओसरीत सारी वस्ती दाटलेली, आणि एक दिवस आधीच, नुकतेच येऊन पोहोचलेले वडजळीचे उपदेशक खांबाशी उभे. उद्या याच माणसासमोर दोन शब्द भारी पडावेत म्हणून सकाळी मास्तरांचा जीव जळत होता. आता त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. ते तान्हाबाईच्या पायांकडे वाकू लागले.

"आवो, हाड आत्ताच बसवलंय, वाकू नका," ती गडबडून म्हणाली. "आन माणसाच्या पाया पडू नये. पडायचं तर त्याच्या पडा."

"त्याच्याच पडतो आहे, बाई," मास्तर म्हणाले. पण कामट्यांमुळे त्यांना वाकता येईना. डोके अर्ध्यावर अडले आणि तसेच थांबले.

मग तान्हाबाईच खाटेशी खाली बसली आणि तिने आपले बांधलेले हात पुढे केले. शलमोन मास्तरांनी त्या हातांवर डोके ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.